रीबूटनंतर डेटाचा व्हॉल्यूम आपोआप चालू होत नाही
प्रश्न (निपाणी):
वखारीतला लिनक्स सर्व्हर. करंट जाऊन आली की रूट (मुख्य सिस्टीमचा भाग) चढतं, पण डेटाचा व्हॉल्यूम ग्रुप (एलव्हीएम या लिनक्सच्या डिस्क-व्यवस्थेत एकत्र केलेली जागा) बंदच. 'व्हीजीचेंज -एवाय' (ग्रुप चालू करायची कमांड) हातानं दिलं की चालू होतो. डिस्क खराब आहे का?

उत्तर (बेळगाव):
नाही. 'एलव्हीएस' (व्हॉल्यूमची यादी दाखवणारी कमांड) मध्ये ॲट्रिब्यूटचं पाचवं अक्षर बघा: 'ए' म्हणजे चालू, रेघ म्हणजे बंद. बंद असतानाच 'व्हीजीचेंज -एएवाय' द्या, दोन 'ए', म्हणजे आपोआप चालू होण्याचे नियम पाळून चालू करणं. तेवढ्यानं चालू झाला नाही तर नियम आडवा येतोय, कारण बूट होताना हाच प्रकार वापरतात. एलव्हीएम डॉट कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमधली 'ऑटो ॲक्टिव्हेशन व्हॉल्यूम लिस्ट' तपासा. ओळ नसेल तर सगळे ग्रुप चालू होतात. असेल तर फक्त त्यातले. रिकामी असेल तर एकही नाही. बहुतेक घोळ इथंच असतो.

उत्तर (खानापूर):
बरोबर. यादी ठीक असेल तर 'व्हीजीएस -ओ +ऑटोॲक्टिव्हेशन' बघा; नव्या आवृत्त्यांत आपोआप चालू व्हायचं की नाही याची खूण ग्रुपवरच असते. कॉन्फ बदलल्यावर 'ड्रॅकट -एफ' विसरू नका, नाहीतर इनिटरामएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला चढणारी छोटी सिस्टीम; ही कमांड ती नव्यानं बनवते) कॉन्फची जुनी प्रत राहते. आणि एफएसटॅबमध्ये (बूटला काय काय चढवायचं त्याची यादी) डेटाला 'नोफेल' (चढलं नाही तरी पुढं जा) लावाच, नाहीतर डेटा चढला नाही की बूट इमर्जन्सी मोडमध्ये अडकतं.