मदत हवी आहे: 'स्पेस डँडी'च्या पहिल्या भागात सगळे मरतात, मग दुसऱ्यात जिवंत कसे?

निळाग्रह:
बोन्स स्टुडिओची 'स्पेस डँडी' (२०१४) ही विनोदी जपानी ॲनिमे मालिका पाहायला घेतली आहे. पाच भाग झाले आणि गाडं अडलंय. पहिल्या भागाच्या शेवटी नायक डँडी, त्याचा रोबो क्यूटी, मांजरासारखा परग्रहवासी म्याव सगळे स्फोटात मरतात. दुसऱ्यात रामेन (जपानी नूडल्सचं सूप) शोधत मजेत फिरताहेत. चौथ्यात अख्खं विश्व झोंबी होतं, पाचव्यात त्याचा मागमूस नाही. माझा क्रम चुकलाय का? मधला एखादा भाग राहिलाय का? शिवाय जपानी बघावी की इंग्रजी डब, आणि बारा वर्षांच्या मुलीला सोबत बसवता येईल का, हेही सांगा. कृपया रहस्यभेद नको.

अवकाशपक्षी:
क्रम बरोबर आहे, काहीही राहिलेलं नाही. दर भागात पाटी पुसली जाते आणि ती मुद्दाम पुसली जाते. हा लेखकांचा निष्काळजीपणा नाही, मालिकेचा कणाच तो आहे. तुम्हाला पडलेला प्रश्न मालिकेलाही पडलेला आहे आणि ती त्याचं उत्तर देते. त्यासाठी भाग १४ आणि शेवटचा २६ लक्ष देऊन बघा, याहून जास्त सांगत नाही. भागाच्या शेवटी श्रेयनामावलीसोबत येणाऱ्या गाण्याच्या नावाचा अर्थच 'एक्स मितीत स्वागत' असा आहे. ते गाणं न ऐकता पुढे जाऊ नका.

एकूण भाग २६. जानेवारी ते मार्च २०१४ मध्ये १३ आणि जुलै ते सप्टेंबरमध्ये १३. गोंधळ इथे होतो: काही ठिकाणी दुसऱ्या सत्राची मोजणी पुन्हा १ पासून केलेली असते. म्हणजे तिथला 'दुसरं सत्र, भाग १' हाच आमचा १४. नुसता क्रमांक बघून भाग लावलात तर फसाल.

रेखाटन:
अवकाशपक्षींशी सहमत, पण एक भर घालतो. वातानाबे शिनइचिरो हे इथे प्रमुख दिग्दर्शक, नात्सुमे शिंगो दिग्दर्शक. पण एकेक भाग वेगळ्या माणसाच्या हाती मोकळेपणाने सोपवलेला आहे. म्हणून चित्रशैली, रंग, विनोदाची जात सगळं बदलत राहतं. भाग ९ (वनस्पतींचा ग्रह) चोई उन-यंग यांचा, १६ युआसा मासाआकी यांचा, १८ (मोठ्या माशाचा) ओशियामा कियोताका यांचा. वातानाबेंच्याच आधीच्या 'काउबॉय बीबॉप' मालिकेसारखी एकसंध उदास लय शोधत बसलात तर निराश व्हाल. हा कथासंग्रह आहे असं समजून वाचा, म्हणजे बघा.

त्यामुळे एका बैठकीत चार-पाच भाग रेटू नका. दोन पुरेत. सलग पाहिलं की शैलीतले बदल एकमेकांत मिसळतात आणि 'नुसता आचरटपणा' एवढंच लक्षात राहतं. पहिल्या तीन भागांवर मालिका सोडून देणारे बहुतेक जण इथेच चुकतात. पहिला भाग खरंच कच्चा आहे, त्यातला विनोद ओरडून केलेला आहे. पाचवा, अडेली नावाच्या लहान मुलीचा, ही खरी उंची.

चांदणचुरा:
मग नव्या माणसाला थेट पाचव्यापासूनच सुरुवात करायला का सांगू नये?

रेखाटन:
नको. पहिल्यातलं मरण आणि चौथ्यातले झोंबी डोक्यात नसतील तर भाग १४ ची गंमत निम्म्याने उतरते. दहाव्यात तोच दिवस पुन्हापुन्हा उगवतो, तेव्हाही 'पाटी पुसणे' ही सवय प्रेक्षकाला आधीच लागलेली असावी लागते. वगळायचाच असेल तर सहावा वगळा. चड्डी आणि बंडीवरून चाललेलं युद्ध हा एकच विनोद तिथे वीस मिनिटं ताणलाय.

संवादिनी:
भाषेबद्दल. दोन्ही आवाज उत्तम आहेत. डँडीला जपानीत सुवाबे जुनइची यांचा आवाज आहे, इंग्रजीत इयन सिंक्लेअर यांचा. अमेरिकेत डब ४ जानेवारीला लागला, जपानी प्रक्षेपण ५ जानेवारीला. म्हणजे डब नंतर घाईने चिकटवलेला नाही. विनोद संवादाच्या वेगावर चालतो आणि निवेदक मधेमधे बडबडतो. जपानी ऐकत सबटायटल वाचताना पार्श्वभूमीतले परग्रहवासी नजरेतून सुटतात, आणि या मालिकेत ते सुटणं म्हणजे मोठं नुकसान. म्हणून पहिल्यांदा डब, आवडलेले भाग नंतर जपानीत.

सावधगिरी एकच: डब लावून जपानीसाठी केलेली पूर्ण सबटायटल चालू ठेवू नका. दोन वेगळे अनुवाद आहेत, कानावर एक आणि डोळ्यांसमोर दुसरं येतं. फक्त पाट्या आणि गाण्यांपुरती सबटायटल असतील तर ती निवडा, नाहीतर बंद करा.

मुलीबद्दल स्पष्ट सांगते. डँडीचं आवडतं रेस्टॉरंट 'बूबीज' आणि तिथल्या वेट्रेसेसच्या अंगावर रेंगाळणारा कॅमेरा हा मालिकेचा सगळ्यात थिटा भाग आहे. तो अधूनमधून येतच राहतो. सरसकट सगळी मालिका दाखवू नका. दुसरा, पाचवा, अठरावा आधी स्वतः बघा आणि मग ठरवा. आठवा कुत्र्याचा आहे, त्याचा शेवट जड आहे. एकविसावा मरणाबद्दलचा. विनोदी मालिकेतला इतका शांत भाग विरळाच, पण तो मोठ्यांसाठी ठेवा.

निळाग्रह:
मनापासून आभार. आणखी एक अडचण: टीव्हीवर हालचाल विचित्र गुळगुळीत दिसते, हातपाय पाण्यात हलल्यासारखे. लॅपटॉपवर तसं होत नाही.

रेखाटन:
टीव्ही मधल्या फ्रेम स्वतःच्या मनाने तयार करतोय. ॲनिमेमध्ये सेकंदाला २४ फ्रेम असतात, पण एकच चित्र बहुधा दोन किंवा तीन फ्रेम धरून ठेवतात. म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला १२ किंवा ८ चित्रं. त्या धरून ठेवण्यातच झटका आणि विनोदाचा ठेका असतो. टीव्ही ती दरी बुजवतो, मग ठेका जातो आणि रेषांच्या कडांना डाग पडतात. भाग १६ मध्ये आकार सतत ताणले-वाकवले जातात, तिथे तर चित्राची पार वाट लागते.

पिक्चर सेटिंगमध्ये 'मोशन' शब्द असलेला पर्याय शोधा (प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं) आणि पूर्ण बंद करा, 'लो'वर ठेवून भागत नाही. सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड असेल तर तो निवडा. ही सेटिंग बऱ्याच टीव्हींवर प्रत्येक एचडीएमआय पोर्टसाठी आणि टीव्हीतल्या ॲपसाठी वेगवेगळी साठवली जाते, म्हणून ज्या मार्गाने मालिका बघता तो चालू असतानाच बदला. बदल केल्यावर पाचव्या भागातली पाच मिनिटं परत लावून बघा, फरक लगेच कळेल.