ऑटोफ्लॉवर भांगेचा लिंबूवर्गीय वास बियांतच असतो की पुढे घडतो?

प्रश्न – पर्णहरित

नमस्कार. मी राहतो तिथे घरी मोजकी झाडे वाढवण्यास कायद्याची मुभा असल्याने यंदा बियांपासून ऑटोफ्लॉवर, म्हणजे आपोआप फुलणाऱ्या प्रकारची भांग लावली. पाकिटावर ‘लिंबूवर्गीय सुगंध’ असे ठळक छापलेले होते. एकाच पाकिटातून आलेल्या दोन झाडांपैकी एकाच्या फुलोऱ्याला नुसते बोट लागले तरी संत्र्याची साल सोलताना उडतो तसा वास येतो. दुसऱ्याचा वास मात्र मिरी आणि ओल्या लाकडाकडे झुकणारा आहे. कुंडी, माती, प्रकाश आणि पाणी यांत मी काहीही फरक केलेला नाही. शिवाय ज्या झाडाला लिंबाचा वास होता, त्याची फुले वाळल्यावर त्यातला बराचसा वास उडून गेला आणि वाळक्या गवतासारखा काहीतरी गंध उरला.

माझे प्रश्न असे आहेत. भांगेचे झाड रात्र मोठी झाल्याशिवाय फुलत नाही असे सर्वत्र वाचायला मिळते, मग या जाती उन्हाळ्याच्या लांब दिवसांतही आपोआप कशा फुलतात? लिंबाच्या वासाचा या आपोआप फुलण्याशी काही संबंध आहे का? आणि याच झाडांचे बी धरले, तर पुढच्या पिढीत हे दोन्ही गुण उतरतील का?

उत्तर – दिवसमान

पहिल्या प्रश्नापुरते लिहितो, कारण तेवढेच मला नीट सांगता येईल.

दिवसाच्या लांबीनुसार झाडे फुलतात, या शोधाची सुरुवातच काही अंशी भांगेच्या कुळापासून झाली आहे. फ्रान्समध्ये ज्युलियाँ तूर्न्वा हे हॉप (बिअरमध्ये वापरतात ती वेल) आणि तागाची भांग (हेंप, म्हणजे धाग्यासाठी लावली जाणारी भांग) या दोन सख्ख्या नात्यातल्या वनस्पतींवर काम करत होते. प्रकाशाचे तास कमी केले की या झाडांना अवेळी फुले येतात, हे त्यांच्या लक्षात आले होते. पहिल्या महायुद्धात ते मारले गेल्यामुळे ते काम तिथेच थांबले. पुढे अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी तंबाखू आणि सोयाबीनवर प्रयोग करून 1920 साली हा सिद्धान्त रीतसर मांडला. या झाडांना ‘लघुदिवसी’ म्हणण्याची पद्धत रूढ झाली असली तरी झाड खरे म्हणजे दिवस मोजत नसून अखंड अंधार मोजत असते, आणि म्हणूनच लांब रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ प्रकाश पडला तरी अशा झाडांचे फुलणे अडू शकते.

ऑटोफ्लॉवर जातींत अंधार मोजण्याची ही अट गळून पडलेली असते. टोमॅटोप्रमाणेच ही झाडे दिवसउदासीन असतात; ठराविक वय झाले, काही पेरे वाढली, की प्रकाशाचे तास कितीही असले तरी त्यांचा फुलोरा सुरू होतो. हा गुण ज्या रानटी भांगेतून आला, तिचे वर्णन रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ यानिशेव्हस्की यांनी 1924 मध्ये कॅनबिस रुडेरालिस या नावाने केले. पडीक जागी, रस्त्याच्या कडेला उगवणारी ही बुटकी झाडे उत्तरेकडच्या प्रदेशातली. तिथे उन्हाळा आखूड आणि त्यातले दिवस फार लांब असतात. शरदातल्या मोठ्या रात्रीची वाट पाहत बसले असते, तर बी पिकण्याआधीच थंडीने गाठले असते. रुडेरालिसला स्वतंत्र प्रजाती मानावे की सॅटिव्हाचाच, म्हणजे नेहमीच्या भांगेचाच एक प्रकार, यावर अभ्यासकांचे एकमत नाही, पण आपल्या प्रश्नाला त्याने फरक पडत नाही. साधारण 2000 नंतर ‘लोरायडर’सारख्या बुटक्या जाती बाजारात आल्या आणि हा रानटी गुण कुंड्यांपर्यंत पोहोचला.

यातून निघणारी एक गोष्ट नव्या लोकांच्या लक्षात येत नाही. नेहमीच्या जातीचे रोप सुरुवातीला खुरटले तर प्रकाशाचे तास लांब ठेवून त्याला सावरायला अवधी देता येतो. ऑटोफ्लॉवरचे घड्याळ वयावर चालते, त्यामुळे खुरटलेले रोपही ठरल्या वेळी फुलते आणि बुटकेच राहते. या जातींचे पुनर्रोपण टाळून बी थेट शेवटच्या कुंडीत लावण्याचा प्रघात त्यामुळेच पडला आहे.

उत्तर – गंधकोश

वासाबद्दल. प्रथम एक स्पष्ट करतो: आपोआप फुलणे आणि लिंबाचा वास यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. एक गुण फुलण्याच्या वेळेचा आहे आणि दुसरा रसायनांचा. पैदासकारांनी ते एकत्र आणले एवढेच. रानटी रुडेरालिसमधून हवा होता तो फक्त फुलण्याचा गुण, वास बहुधा संकराच्या दुसऱ्या बाजूकडून आलेला असतो.

मादी फुलोऱ्यावर आणि त्यालगतच्या लहान पानांवर भिंगाखाली पाहिले, तर देठावर काचेचा मणी ठेवल्यासारखे ग्रंथिल केस दिसतात. या मण्याच्या तळाशी असलेल्या पेशी सुगंधी तेल तयार करतात आणि ते पातळ पापुद्र्याखाली साठते. बोट लागताच हा पापुद्रा फुटतो. आपल्याला जो वास ‘उडाला’ असे वाटते तो हाच. संत्र्याच्या सालीच्या तेलात नव्वद टक्क्यांहून अधिक भाग लिमोनीन या एकाच टर्पीनचा (टर्पीन म्हणजे वनस्पतींतील सुगंधी तेलांचे घटक) असतो, आणि तेच लिमोनीन या मण्यांतही तयार होते. इथे एक मजेशीर बाब अशी की लिमोनीन ज्या दहा कार्बनच्या कच्च्या मालापासून, म्हणजे जेरानिल डायफॉस्फेटपासून बनते, तोच कच्चा माल टीएचसी (भांगेतले नशा आणणारे द्रव्य) आणि सीबीडी (नशा न आणणारे द्रव्य) यांच्या मूळ आम्लासाठीही वापरला जातो. म्हणजे वास आणि अंमल हे एकाच कारखान्यात शेजारी शेजारी घडतात. असे असूनही वासाच्या तीव्रतेवरून अमलाचा अंदाज बांधता येत नाही, आणि तसा तो बांधूही नये.

मात्र केवळ लिमोनीन असले म्हणजे नाकाला लिंबू जाणवेलच असे नाही. शुद्ध लिमोनीनचा वास संत्र्याकडे झुकतो. आपण ज्याला नेमका लिंबाचा वास म्हणतो तो मुख्यतः सिट्रालचा, जो गवती चहात भरपूर असतो. भांगेत लिमोनीनच्या जोडीला टर्पिनोलीन, मर्सीन, लिनालूल आणि कॅरिओफिलीन असतात आणि त्यांच्या प्रमाणावर एकंदर गंध ठरतो. आपल्या दुसऱ्या झाडाचा मिऱ्यासारखा वास कॅरिओफिलीनचा असावा, कारण काळ्या मिरीतही तेच असते. त्याशिवाय अलीकडच्या संशोधनात असे आढळले आहे की काही जातींचा तिखट, पपनसासारखा फळवास टर्पीनांतून येत नसून अत्यल्प प्रमाणातल्या गंधकयुक्त संयुगांतून येतो. ही संयुगे इतकी उग्र असतात की नाममात्र अंशही नाकाला पुरतो, आणि त्यामुळे टर्पीनांचे तक्ते जवळजवळ सारखे असलेल्या दोन जाती प्रत्यक्षात अगदी वेगळ्या वासाच्या निघतात. पाकिटामागे छापलेल्या टर्पीनांच्या टक्केवारीला मी फारशी किंमत देत नाही, त्याचे हे एक कारण.

आता वाळल्यावर वास का गेला. लिमोनीन आणि मर्सीन हे दहा कार्बनचे हलके रेणू आहेत. लिमोनीनचा उत्कलनबिंदू सुमारे 176 अंश सेल्सिअस असला तरी उडून जाण्यासाठी उकळण्याची गरज नसते. खोलीच्या तापमानालाही ते सतत उडत राहते. कॅरिओफिलीन पंधरा कार्बनचे, जड, सावकाश उडणारे. त्यामुळे फुले गरम जागी किंवा जोराच्या वाऱ्यात घाईने वाळवली की लिंबू आधी निघून जाते आणि मिरी-लाकूड मागे उरते. जे लिमोनीन शिल्लक राहते त्याचेही हवेतल्या ऑक्सिजनमुळे हळूहळू कार्व्होन आणि इतर पदार्थांत रूपांतर होते, आणि मूळ टवटवीतपणा जातो. वाळक्या गवताचा वास हा पाने फार झपाट्याने वाळल्याचे लक्षण म्हणून बरेच जण सांगतात आणि आपल्या वर्णनाशी ते जुळते. थंड, अंधाऱ्या, मंद हवेच्या जागी सावकाश वाळवणे आणि नंतर हवाबंद काचेत, उजेडापासून दूर ठेवणे, हा उपाय वरच्या कारणांतून आपोआपच निघतो.

पुन्हा विचारणा – पर्णहरित

दोघांचेही आभार. गंधकोश यांना एक विचारायचे आहे. रोप लहान असताना मी दोन्ही झाडांची पाने चुरडून पाहिली होती आणि दोघांचा वास जवळपास सारखाच वाटला होता. तेव्हाच फरक ओळखता येण्यासारखी काही खूण असते का?

उत्तर – गंधकोश

पानावरून फुलाचा वास ओळखता येत नाही, आणि त्याला ठोस कारण आहे. कोवळ्या पानांवर जे ग्रंथिल केस असतात ते बहुतेक बिनदेठाचे, पानाला चिकटलेले असतात आणि त्यांच्या तेलात जड, पंधरा कार्बनच्या टर्पीनांचे प्रमाण जास्त असते. देठाचे टपोरे केस फुलोरा पिकताना वाढतात आणि लिमोनीनसारख्या हलक्या टर्पीनांचा भर त्यांच्यात असतो. म्हणून रोपावस्थेत बहुतेक झाडे एकाच प्रकारची, हिरवट-मसालेदार वासाची वाटतात आणि खरा गंध फुलोरा भरल्यावरच प्रकट होतो. रोप पाहून निवड करण्याचा सल्ला कोणी देत असेल, तर वाढीच्या जोमापुरता तो ठीक आहे. वासापुरता निरर्थक आहे.

उत्तर – बीजांकुर

आता बियांचा प्रश्न. उत्तर थोडे उफराटे वाटेल, कारण जो गुण विलक्षण वाटतो तोच सहज टिकतो आणि जो साधा वाटतो तो हातातून निसटतो.

आपोआप फुलण्याचा गुण बहुतांशी अप्रभावी, म्हणजे दोन्ही पालकांकडून आल्याशिवाय न दिसणारा असतो. नेहमीची जात आणि ऑटोफ्लॉवर यांचा संकर केला, तर पहिल्या पिढीतली झाडे रात्रीच्या लांबीची वाट पाहतात, फार तर थोडी लवकर फुलतात. त्यांचा आपसांत संकर केल्यावर दुसऱ्या पिढीत सुमारे चौथा हिस्सा झाडे आपोआप फुलणारी निघतात. पण असा अप्रभावी गुण ज्या झाडात दिसतो, त्या झाडात त्या जनुकाच्या दोन्ही प्रती त्याच प्रकारच्या असल्या पाहिजेत. म्हणून दोन ऑटोफ्लॉवर झाडांची संतती ऑटोफ्लॉवरच राहते. अट एवढीच की आसपासच्या नेहमीच्या जातीचा पराग तिथे पोहोचता कामा नये. भांगेचे परागीकरण वाऱ्याने होते आणि पराग बराच दूरवर जातो, हे विसरू नये.

लिंबाच्या वासाचे तसे नाही. टर्पीन घडवणारी विकरे एक-दोन नसून बरीच आहेत, प्रत्येकाची जनुके वेगळी, आणि एकेक विकर कमीअधिक काम करते. पाकिटातले बी अनेक पिढ्या निवडून स्थिर केलेले नसेल, तर भावंडांत वासाचा असा फरक दिसणारच, आणि आपल्या दोन झाडांत नेमके तेच दिसले आहे. त्यात दोष आपल्या निगराणीचा नाही. नेहमीच्या जातीत आवडलेल्या झाडाची फांदी छाटून तिला मुळे फोडता येतात आणि लांब दिवसांत ती वर्षानुवर्षे न फुलवता राखता येते, त्यामुळे वास तंतोतंत टिकतो. ऑटोफ्लॉवरची फांदी लावली तरी तिचे वय मूळ झाडाइतकेच मोजले जाते आणि ती बोटभर उंचीची असतानाच फुलू लागते. लिंबूवर्गीय वासाचे एक झाड जपून ठेवण्याची सोय या प्रकारात जवळजवळ नाही, आणि माझ्या मते विकणारे लोक ही गोष्ट पुरेशी स्पष्ट सांगत नाहीत.

आणखी एक. भांगेत नर आणि मादी झाडे सहसा वेगवेगळी असतात. आपले बी ‘फेमिनाइज्ड’ असेल तर सगळी झाडे मादीच येणार आणि नर नसल्याने बी धरणार नाही. अशा बियांसाठी पैदासकार मादी झाडावर चांदीच्या संयुगाची फवारणी करून इथिलीन या वनस्पती-संप्रेरकाचे काम रोखतात. मग त्याच झाडाला परागधारी फुले येतात आणि त्या परागातून फक्त मादी संतती होते. घरी याच्या वाटेला जाऊ नये असे माझे मत आहे, कारण फवारलेले झाड सेवनास योग्य राहत नाही. साधे, नर-मादी मिश्र बी घेऊन लिंबाच्या वासाच्या मादीवर तशाच घराण्यातल्या नराचा पराग टाकणे आणि पुढच्या पिढीत नाकाने निवड करत राहणे हाच सरळ मार्ग आहे. मात्र नराला तसा फुलोरा नसतो, त्यामुळे त्याच्याकडे वासाचे कोणते जनुक आहे ते त्याच्या मुली फुलेपर्यंत कळत नाही.

उत्तर – कलमनवीस

वरच्या चर्चेत कायद्याचा उल्लेख एका वाक्यात आला, म्हणून थोडी भर घालतो. ‘ऑटोफ्लॉवर म्हणजे रुडेरालिस, रुडेरालिसमध्ये टीएचसी कमी, म्हणून ती तागासारखीच कायदेशीर’ असा तर्क मी पुष्कळदा वाचला आहे. तो दोन्ही बाजूंनी चुकीचा आहे. आजच्या ऑटोफ्लॉवर जातींत टीएचसी भरपूर असू शकते, आणि कायदा फुलण्याच्या सवयीकडे पाहतच नाही. तागाची भांग ओळखण्यासाठी अमेरिकेत 2018 पासून आणि युरोपीय संघाच्या शेती अनुदानासाठी 2023 पासून 0.3 टक्के टीएचसीची मर्यादा आहे. लिंबाच्या वासासाठी विकल्या जाणाऱ्या बहुतेक जाती तिच्या कितीतरी वर असतात.

घरी लावण्याची मुभा देशागणिक निराळी आहे. उरुग्वेने 2013 साली कायदा करून घरटी सहा झाडांना परवानगी दिली. कॅनडाच्या 2018 च्या कायद्यात घरटी चार झाडे आहेत, पण प्रांतांना ती मर्यादा आणखी कडक करता येते. जर्मनीत 1 एप्रिल 2024 पासून प्रौढ व्यक्तीस तीन झाडे ठेवता येतात. भारतात 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्यानुसार परवान्याशिवाय भांगेच्या झाडाची लागवड हा गुन्हा आहे, झाड कुंडीतले असो वा शेतातले. गांजाच्या व्याख्येतून बी आणि पाने वगळलेली आहेत म्हणून बी पेरायला हरकत नाही, असा अर्थ काही जण काढतात; लागवडीची बंदी झाडाला लागू होते, त्यामुळे तो अर्थ टिकत नाही.

पर्णहरित

उत्तरांबद्दल सर्वांचा आभारी आहे. राहिलेली फुले आजच काचेच्या बरणीत भरून अंधारात ठेवली आहेत. पुढच्या वेळी फेमिनाइज्ड नसलेले बी मागवावे असा विचार आहे. परंतु नर झाडेही परवानगीच्या संख्येत मोजली जातात का, हे कलमनवीस सांगू शकतील का?

कलमनवीस

जिथे नियमात नुसते ‘झाड’ म्हटले आहे, तिथे नरही मोजला जाईल असेच धरून चालावे. काही ठिकाणी मात्र फुलोरा आलेल्या मादी झाडांचीच गणना होते, उदाहरणार्थ उरुग्वेत. तेव्हा आपल्या भागातल्या नियमाची मूळ शब्दरचना पाहूनच बी मागवा.