शब्दचर्चा: हिवाळ्याचा हंगामी अंदाज ‘विश्वासार्ह’ की ‘अचूक’?

प्रश्न: हिवाळ्याचा दीर्घ पल्ल्याचा अंदाज ‘विश्वासार्ह नसतो’ असे आपण सर्रास म्हणतो. येथे ‘विश्वासार्ह’ हा शब्द ‘अचूक’ या अर्थाने वापरणे योग्य आहे का? शिवाय ‘अंदाज’, ‘भाकीत’ आणि ‘पूर्वानुमान’ यांपैकी कोणता शब्द घ्यावा?

उत्तर: बोलण्यात हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी खपून जातात, हवामानशास्त्रात मात्र त्यांचे अर्थ निराळे आहेत. उद्या पुण्याचे किमान तापमान १० अंश राहील असे सांगितले आणि ते तसेच राहिले, तर तो अंदाज अचूक ठरतो. हंगामी अंदाज असे काही सांगतच नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी या तीन महिन्यांचे तापमान सरासरीपेक्षा कमी, सरासरीइतके किंवा सरासरीपेक्षा जास्त यांपैकी कोणत्या गटात मोडण्याची शक्यता किती टक्के आहे, एवढेच तो सांगतो. हाताशी कोणतीच माहिती नसेल, तर प्रत्येक गटाला सुमारे ३३ टक्के द्यावे लागतात. त्यामुळे एखाद्या गटाला ५० टक्के मिळणे ही उपयोगाची माहिती असते, आणि तरीही निम्म्या वेळा वेगळे घडेल हे त्यात आधीच कबूल केलेले असते. जेव्हा जेव्हा ५० टक्के सांगितले, त्यांपैकी साधारण निम्म्या वेळा तसे घडले, तर अंदाज विश्वासार्ह. साहजिकच ही परीक्षा एका हिवाळ्यात होत नाही, तिला अनेक वर्षांचा हिशेब लागतो.

गोंधळाचे खापर बरेचसे मथळ्यांवर फोडावे लागेल. २०२४ च्या पावसाळ्याअखेरीस ‘ला निनामुळे यंदा कडाक्याची थंडी’ अशा बातम्या झळकल्या. ला निना, म्हणजे विषुववृत्तीय प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा थंड होणे, आणि आपल्याकडची थंडी यांचा संबंध आहे, पण तो सैल आहे. त्या वर्षी ला निना येता येता रेंगाळली, अमेरिकी हवामान संस्थेने ती अवतरल्याचे जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केले, आणि आल्यावरही ती क्षीणच राहिली. भारतीय हवामान विभागाने डिसेंबरच्या आरंभी दिलेल्या अंदाजात तर देशाच्या बहुतांश भागात किमान तापमान सरासरीपेक्षा जास्त राहण्याची शक्यता सांगितली होती, आणि पुढे फेब्रुवारी २०२५ हा १९०१ पासूनचा देशातील सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. तरीही ‘वेधशाळेने थंडी सांगितली आणि पडली नाही’ असे म्हणणारे भेटतात. (अर्थात, या एका हिवाळ्यावरून विभागाला शाबासकी देणेही माझ्याच म्हणण्याविरुद्ध जाईल.)

‘किमान तापमान सरासरीपेक्षा जास्त’ याचा अर्थ थंडीची लाट येणारच नाही, असाही नव्हे. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली उतरून सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी कमी झाले की विभाग थंडीची लाट मानतो. उबदार हंगामातही अशा दोनचार पहाटा येऊ शकतात, आणि निफाडच्या द्राक्ष बागायतदाराची चिंता नेमकी त्याच पहाटांची असते, कारण पारा फार घसरला की मणी तडकतात आणि बागेत शेकोट्या पेटवून धूर करावा लागतो. ती पहाट कोणती, हे उत्तर भारतावरून सरकणाऱ्या पश्चिमी चक्रावातांवर (पश्चिमेकडून येणाऱ्या कमी दाबाच्या, ढगाळ हवेच्या पट्ट्यांवर) आणि त्यामागून येणाऱ्या कोरड्या वाऱ्यांवर अवलंबून असते. ते महिनोन्महिने आधी कळत नाही. त्यासाठी काही दिवस आधीचा अंदाजच पाहावा लागतो.

आता शब्दनिवडीविषयी. ‘अंदाज’ फारसीतला असून ‘गोलंदाज’ आणि ‘तिरंदाज’ यांतही तोच फेकण्याच्या अर्थाने आहे. नेम धरूनही तो चुकू शकतो, हे त्यात मुळातच असल्याने मला तोच योग्य वाटतो. ‘भाकीत’ला ज्योतिषाचा वास येतो, आणि ‘पूर्वानुमान’ हिंदी बातमीपत्रांतून आलेला, विनाकारण जड शब्द आहे.

पुरवणी प्रश्न: मग बातमीत ‘शक्यता’ लिहिले की पुरे ना?

उत्तर: पुरे नाही. ‘पाऊस पडण्याची शक्यता आहे’ हे वाक्य आपण ‘पडेल किंवा न पडेल’ अशाच अर्थाने ऐकतो, त्यातून मोजमाप कळत नाही. शालेय गणितात यासाठी ‘संभाव्यता’ हा शब्द रुळलेला आहे. मथळ्यात तो अवघडच वाटेल. तेथे ‘थंडी कमी राहण्याकडे कल’ असे लिहून टक्केवारी बातमीच्या पहिल्याच वाक्यात द्यावी.