खुनी कळल्यावरही खाली ठेववत नाही असं पुस्तक : तुमचे अनुभव लिहा

खुनी कोण हे कळलं की रहस्यकादंबरीत काही उरत नाही, असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. नुकतीच जपानी लेखक केइगो हिगाशिनोची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ वाचली. २००५ ची, नाओकी हा जपानी साहित्य पुरस्कार मिळालेली. खून सुरुवातीलाच, आपल्या डोळ्यांदेखत होतो. एका बाईच्या घरात तिचा छळणारा पूर्वीचा नवरा घुसतो, झटापट होते आणि कोतात्सूच्या, म्हणजे खाली हीटर बसवलेल्या बैठ्या टेबलाच्या, वायरने त्याचा गळा आवळला जातो. शेजारी राहणारा गणिताचा शिक्षक इशिगामी त्या बाईला वाचवायचं ठरवतो. पुढे सगळी ओढ एकच, पोलिसांना हे सापडत का नाही? मी रात्री दोनपर्यंत वाचत बसले.

तुम्ही अलीकडे असं काय वाचलंत? शेवट फोडू नका, बाकी भरभरून लिहा.

*

बारावीला गणित शिकवतो, त्यामुळे इशिगामी फार जवळचा वाटला. तो परीक्षेत भूमितीचा वाटणारा, पण खरं तर बीजगणिताचा प्रश्न काढतो. विद्यार्थी रीत पाठ करून येतात आणि अडकतात. हिगाशिनोने वाचकालाही तोच पेपर दिलाय. शेवट कळल्यावर मागची पानं चाळली. सगळं लिहिलेलं होतं, कुठेही फसवणूक नाही.
– सांगली

*

माझी सगळी नोकरी रेल्वेत, वेळापत्रकांशी झटण्यात गेली. मुलीने सेइचो मात्सुमोतोच्या ‘पॉइंट्स अँड लाइन्स’चा इंग्रजी अनुवाद दिला. मूळ कादंबरी १९५८ ची. जपानच्या क्युशू बेटावर काशीईच्या समुद्रकिनाऱ्यावर एक सरकारी अधिकारी आणि एक तरुणी मृतावस्थेत सापडतात. प्रेमी युगुलाने सायनाइड घेऊन जीव दिला, असं सगळ्यांना वाटतं. म्हातारा पोलीस तोरिगाई मात्र मृताच्या खिशातल्या डायनिंग कारच्या, म्हणजे गाडीतल्या जेवणाच्या डब्याच्या, पावतीवर अडतो. पावती एकाच माणसाच्या जेवणाची. दोघं बरोबर निघाली होती, मग ती का जेवली नाही?

तोक्यो स्टेशनवरचा प्रसंग तर मी पुन्हा पुन्हा वाचला. १३ नंबरच्या फलाटावरून १५ नंबरवरची गाडी दिसायला मधले रूळ रिकामे लागतात आणि तशी संधी फक्त चार मिनिटांची. नेमक्या त्याच चार मिनिटांत कुणीतरी कुणालातरी पाहतं. गाड्यांची ये-जा अशी जुळवणं किती कठीण, हे मला ठाऊक आहे. तोरिगाई काशीईच्या दोन स्टेशनांमधलं अंतर घड्याळ लावून, कधी झपझप, कधी रेंगाळत चालून पाहतो. तपास असा असतो. पिस्तुलं नाहीत, पाठलाग नाही, आणि तरी पुस्तक सोडवत नाही.
– कल्याण

*

सुजाता मॅसीची ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ (२०१८). मुंबई, १९२१. परवीन मिस्त्री वडिलांच्या फर्ममध्ये वकील. एका गिरणीमालकाच्या तीन विधवा पडद्यात राहतात. परपुरुषासमोर त्या येणार नाहीत, म्हणून त्यांच्याशी समोरासमोर बोलू शकणारी वकील हीच. कागदोपत्री त्या आपला हक्क सोडायला तयार आहेत, पण कशावर सही करतोय हे त्यांना कुणी सांगितलंय का? मी स्वतः वकिली करते, कोऱ्या चेहऱ्याने सही करणाऱ्या बायका आजही माझ्यासमोर येऊन बसतात.

खुनापेक्षा मला हादरवलं ते परवीनच्या सासरने. पाळीच्या दिवसांत तिला छोट्या खोलीत कोंडल्यासारखं बाजूला बसवतात. माझ्या आजीच्या तोंडून हेच ऐकलंय. परवीनची प्रेरणा म्हणजे कॉर्नेलिया सोराबजी, १८६६ मध्ये आमच्याच नाशिकला जन्मलेल्या. ऑक्सफर्डला कायदा शिकून आल्या आणि पडदानशीन बायकांसाठी झगडल्या. इथल्या मुलींना हे नाव माहीत असायला हवं.
– नाशिक

*

मी मात्र सध्याच्या थ्रिलर्सना कंटाळलोय. दोन-दोन पानांची प्रकरणं, प्रत्येकाच्या शेवटी धक्का. निवेदकाला सगळं माहीत असतं आणि तो मुद्दाम लपवतो. वाचकाशी अशी लपवाछपवी मला खपत नाही.
– पणजी

*

वरच्या पणजीकरांना ‘रोझॅना’ सुचवते. माय श्योवाल आणि पेर वालो या स्वीडिश जोडप्याने १९६५ ते १९७५ मध्ये मार्टिन बेक या पोलीस अधिकाऱ्याच्या दहा कादंबऱ्या लिहिल्या, त्यातली ही पहिली. कालव्यातला गाळ काढताना एका तरुणीचा मृतदेह सापडतो आणि ती कोण, हे कळायलाच महिने जातात. अमेरिकेहून पत्राची वाट पाहायची, बोटीवरच्या प्रवाशांनी सहलीत काढलेले फोटो मागवायचे, एकेक चेहरा न्याहाळायचा. लेखक काही लपवत नाहीत, पोलिसांनाच काही ठाऊक नसतं.
– पुणे

*

लहानपणी वाचनालयातून बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणायचो, नंतर सुहास शिरवळकरांचे फिरोज इराणी, मंदार पटवर्धन हे नायक. त्यांचा वेग अजून आवडतो. पण कल्याणच्या काकांनी लिहिलंय तशी, आपल्या गाड्या, आपली चौकी, आपला पंचनामा असलेली संथ तपासकथा मला मराठीत हवी आहे. अलीकडे कुणी वाचली असेल तर नाव नक्की कळवा. पुढच्या महिन्यात भारतात येतोय, येताना बॅग अर्धी रिकामीच आणणार.
– दुबई