तरुण मुलं गांजा ओढतात त्यामागचं मानसिक कारण मुलाखतीत नेमकं कसं शोधायचं?

पाटीपेन्सिल:
१८ ते २५ वयाच्या मुलग्यांसाठी समुपदेशनातल्या पहिल्या मुलाखतीचा आराखडा करतेय. ‘गांजा का ओढतोस?’ असं विचारलं की उत्तरं ठरलेली असतात: ‘असंच’, ‘मजा येते’, ‘कंटाळा येतो’. त्यावरून पुढचं काहीच ठरवता येत नाही. पुस्तकांत ताण, मित्रांचा दबाव, एकटेपणा अशी यादी मिळते, पण समोर बसलेल्या मुलाला त्यातलं काय लागू आहे हे ओळखायचं कसं? पुरुषपणाच्या कल्पनांचा यात खरंच वाटा आहे का? आणि शेवटी सगळ्यांना ‘सोड’ एवढंच सांगायचं असेल तर कारण शोधल्याने सल्ल्यात काय फरक पडतो?

रोजनिशी:
‘का’ हा शब्दच आराखड्यातून काढा. ‘का’ विचारलं की मुलगा स्वतःची बाजू मांडायला लागतो, किंवा तुम्हाला काय ऐकायचंय याचा अंदाज घेऊन बोलतो. त्याऐवजी शेवटचा प्रसंग धरा: ‘शेवटचा कधी ओढलास? त्याआधीचा अर्धा तास सांग. कुठे होतास, हातात काय होतं, फोनवर काय आलं होतं, पहिला झुरका कुणी घेतला?’ असे तीन प्रसंग ऐकले की कारण तो न सांगताही दिसायला लागतं.

कारणांची यादी पाठ करण्यापेक्षा हेतूंची वर्गवारी हाताशी ठेवा. १९९८ मध्ये सायमन्स आणि सहकाऱ्यांनी यासाठी २५ विधानांची प्रश्नावली केली. तिच्यात पाच हेतू आहेत: मजा वाढवणं, त्रास दाबणं, चारचौघांत मिसळणं, गटातून बाहेर पडू नये म्हणून ओढणं आणि जाणिवेचा वेगळा अनुभव घेणं. यातल्या ‘त्रास दाबणं’ या हेतूकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. दोन मुलं तेवढाच गांजा ओढत असली, तरी जो त्रास दाबायला ओढतो त्याच्या अडचणी जास्त असतात, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. कारण सरळ आहे. मजेसाठी ओढणाऱ्याला मजेचे इतर रस्ते असतात. त्रासासाठी ओढणाऱ्याकडे बऱ्याचदा तो एकच रस्ता उरलेला असतो.

पहिल्या भेटीनंतर १४ दिवसांची नोंदवही द्या. रकाने चारच: वेळ, एकटा की सोबत, ओढण्याआधी मनाची अस्वस्थता ० ते १० पैकी किती, आणि ‘आत्ता ओढला नाही तर काय होईल असं वाटतंय?’ शेवटचा रकाना सगळ्यात बोलका असतो. ‘काही नाही’ आणि ‘झोपच येणार नाही’ या दोन उत्तरांत सगळा फरक आहे.

नोंदवही फसते ती दोन कारणांनी. एक, मुलगा आठवड्याची पानं एका बैठकीत भरतो. दोन, ओढून झाल्यावर भरतो, तेव्हा आधीची अस्वस्थता त्याला नीट आठवत नाही. म्हणून नियम एकच सांगा: पेटवण्याआधी लिहायचं, एक ओळ पुरे. तलफ आली पण ओढला नाही, त्या वेळाही लिहायला सांगा. पुढे सल्ला देताना त्याच सगळ्यात उपयोगी पडतात.

प्रमाण विचारताना ‘रोज किती जॉइंट’ एवढ्यावर थांबू नका. एक जॉइंट चौघांत फिरतो की एकट्याचा, त्यात तंबाखू मिसळतो का, आणि एकदा आणलेला माल किती दिवस पुरतो, हे विचारा. नाहीतर दोन मुलांचे आकडे सारखे दिसतील आणि प्रत्यक्षात एकाचं प्रमाण दुसऱ्याच्या चौपट असेल.

रात्रपाळी:
‘कंटाळा’ या उत्तराखाली बऱ्याचदा चिंता आणि झोप असते, त्याबद्दल सविस्तर लिहितो.

आपल्या मेंदूत गांजासारखं काम करणारं एक द्रव्य मुळातच तयार होतं. १९९२ मध्ये ते सापडलं तेव्हा संशोधकांनी ‘आनंद’ या शब्दावरून त्याचं नाव ‘आनंदमाइड’ ठेवलं. गांजातलं टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, त्याच सीबी-१ ग्राहींवर (मेंदूतल्या पेशींवर अशी द्रव्यं जिथे चिकटतात त्या जागांवर) बसतं, पण जास्त जोराने आणि जास्त वेळ. रोज ओढणाऱ्यांच्या मेंदूत हे ग्राही कमी होतात. साधारण चार आठवडे बंद ठेवल्यावर त्यांची संख्या बरीचशी पूर्ववत होते. हा चार आठवड्यांचा आकडा मुलाला पहिल्याच दिवशी सांगा, कारण तो पाचव्या दिवशी हार मानतो.

पाचव्याच दिवशी का? रोजचा गांजा थांबला की चिडचिड, अस्वस्थता, भूक मरणं, झोप न लागणं हे साधारण एक ते तीन दिवसांत सुरू होतं आणि पहिल्या आठवड्यात सगळ्यात तीव्र असतं. दोन आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो, पण झोपेची तक्रार महिनाभर किंवा त्याहून जास्त रेंगाळू शकते. टीएचसीमुळे स्वप्नांची झोप दबलेली असते. गांजा थांबला की ती उसळून येते आणि भडक, घाबरवणारी स्वप्नं पडतात. मुलगा म्हणतो, ‘बघा, मला मुळातच झोपेचा आजार आहे, गांजा हेच माझं औषध.’ तो खोटं बोलत नाही, पण गांजा थांबवल्यावर होणाऱ्या या उतरणीच्या त्रासाला तो मूळचा आजार समजतोय. झोप गांजा सुरू करण्याआधी कशी होती, ते वर्षानुसार विचारा. आधीही वाईट असेल तर तिच्यावर वेगळे उपचार लागतील.

चिंतेचंही असंच. २०१७ मध्ये शिकागोत ४२ निरोगी स्वयंसेवकांना टीएचसीच्या कॅप्सूल देऊन लोकांसमोर बोलायला आणि तोंडी गणितं करायला लावली. ७.५ मिलिग्रॅमने ताण कमी झाला, १२.५ मिलिग्रॅमने मन उलट जास्त बिघडलं. म्हणजे ‘थोड्याने बरं वाटतं’ हा मुलाचा अनुभव खरा आहे. तो नाकारलात तर तो पुढचं ऐकणार नाही. पण ओढलेल्या गांजाची मात्रा मोजता येत नाही, सवयीने ती वाढत जाते, आणि जो चिंता घालवायला ओढतो तोच एखाद्या रात्री छातीत धडधड घेऊन बसतो.

तंबाखू मिसळत असेल तर निकोटिनची तलफ वेगळी धरा. गांजा सोडून नुसती सिगारेट चालू ठेवणाऱ्याला सिगारेट पेटवण्याची तीच कृती पुन्हा जॉइंटकडे नेते.

कट्ट्यावरचा:
पुरुषपणाबद्दल. वाटा आहे, पण ‘मर्दानगी दाखवायला ओढतात’ हे फार ढोबळ झालं. जास्त महत्त्वाचं हे, की बऱ्याच मुलग्यांना भावनेला नाव देण्याचा सराव कधी मिळालेलाच नसतो. राग चालतो, थट्टा चालते. भीती, लाज, नाकारलं गेल्याचं दुःख बोलायची सोय नसते. ‘कसं वाटत होतं?’ विचारलं की ‘डोकं फिरलं होतं’ एवढंच येतं. तिथे अडून बसू नका, शरीरावर जा: ‘जबडा आवळला होता का? पोटात गोळा होता का? छातीवर ओझं होतं का?’ पोटात गोळा म्हणाला तर भीतीबद्दल विचारा, चेहरा गरम म्हणाला तर लाजेबद्दल. दोन-तीन शब्द तुम्हीच पुढे करा आणि त्याला निवडू द्या.

दुसरं, गटात जॉइंट फिरतो तेव्हा तीन-चार मुलगे एकमेकांकडे न बघता तासभर शेजारी बसू शकतात. काहींसाठी जवळीक म्हणतात ती एवढीच. गांजा सोड म्हणणं म्हणजे त्याच्या कानाला ‘मित्र सोड’ असंच ऐकू येतं. म्हणून आधी विचारा, यांच्यापैकी कुणाला तू न ओढता भेटतोस? एक नाव आलं तरी कामाला सुरुवात होते.

‘सगळेच ओढतात’ ही समजूतही तपासा. आपल्या वयाचे किती जण ओढतात याचा अंदाज तरुण लोक साधारणपणे वास्तवापेक्षा जास्त धरतात. आधी त्याचा आकडा कागदावर लिहून घ्या, मग सर्वेक्षणातला आकडा दाखवा. नुसता दाखवलात तर वाद होतो. मात्र त्याच्या जवळच्या पाचांतले पाच ओढत असतील तर हा उपाय करू नका. त्याच्या जगात त्याचा आकडा बरोबरच असतो.

थराराची ओढ असलेल्यांना भीती घालू नये. धोका ऐकून त्यांची उत्सुकता वाढूही शकते.

पाटीपेन्सिल:
नोंदवहीच्या शेवटच्या रकान्याची कल्पना लगेच घेतेय. एकाच मुलात तीन हेतू दिसले तर कुठून सुरुवात करायची? आणि समुपदेशनाच्या बाहेर कधी पाठवायचं?

रोजनिशी:
तीन हेतू असणं हेच नेहमीचं आहे, आणि बहुतेकदा ते घड्याळाप्रमाणे वाटलेले असतात. संध्याकाळचा मित्रांसोबतचा, रात्रीचा झोपेसाठी, सकाळचा उतरणीचा त्रास घालवायला. दिवसातला पहिला जॉइंट आधी पकडा. तो दोन-दोन तासांनी पुढे ढकलत न्यायचा. संध्याकाळच्यासाठी नकाराचं वाक्य आधीच ठरवून मोठ्याने म्हणून घ्यायचं, शक्यतो कारण न देता: ‘आज नको, बसतो फक्त.’ कारण दिलं की मित्र ते खोडून काढतात. रात्रीचा सगळ्यात शेवटी. तलफ लाटेसारखी चढते आणि बहुधा अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ हात गुंतलेले हवेत. सगळं एकदम बंद करायला तो स्वतः तयार असेल तर अडवू नका.

आराखड्यात कडिट-आर ही गांजाच्या वापराबद्दलची आठ प्रश्नांची चाचणी घाला, मागच्या सहा महिन्यांबद्दल असते. ८ किंवा जास्त गुण म्हणजे वापर धोक्याचा, १२ किंवा जास्त म्हणजे व्यसनविकाराची शक्यता धरून पूर्ण तपासणी करायची.

रात्रपाळी:
बाहेर पाठवण्याबद्दल. १९६९-७० मध्ये स्वीडनमध्ये लष्करभरतीला आलेल्या ४५,००० हून जास्त तरुणांचा १५ वर्षं मागोवा घेतला गेला. ज्यांनी ५० पेक्षा जास्त वेळा गांजा ओढला होता त्यांच्यात स्किझोफ्रेनियाचा (भास आणि भ्रम होणाऱ्या गंभीर मानसिक आजाराचा) धोका न ओढणाऱ्यांच्या सहापट निघाला. इतर घटक हिशेबात घेतल्यावर तो कमी झाला, पण पुरता गेला नाही. म्हणून अंमल उतरल्यावरही आवाज ऐकू येणं, कुणी पाळत ठेवतंय अशी पक्की खात्री, कित्येक रात्री न झोपता प्रचंड उत्साह, किंवा जीव देण्याचे विचार, यातलं काहीही असेल तर नोंदवही बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा. एकट्याला नाही, सोबत कुणी देऊन.

घरातला इतिहास विचारताना शब्द जपा. ‘घरात कुणाला मानसिक आजार आहे का?’ याला ‘नाही’ हेच उत्तर येतं. ‘घरात कुणी खूप वर्षं झोपेच्या किंवा डोक्याच्या गोळ्या घेतंय का? कुणी अचानक घर सोडून गेलं होतं का? कुणाबद्दल बोलायचं घरात टाळतात का?’ असं विचारा. तिसऱ्या प्रश्नानंतर थोडं थांबा, लगेच चौथा विचारू नका.