आधी पश्चिमेची बाजू झाका

तापणाऱ्या अंगणात सावली आणि आडोसा कसा करावा, आणि बागेला पाणी कमी कसं लागेल, असा प्रश्न आहे. कुंपणाची भिंत उंच केली की सावली आणि आडोसा दोन्ही मिळेल, असं त्यावर एकाने सुचवलंय. मला ते पटत नाही. भिंत दिवसभर तापते आणि सूर्य मावळल्यावरही कितीतरी वेळ तीच धग अंगणात सोडत राहते. त्यापेक्षा पश्चिमेला झाडं लावा. दुपारनंतरचं ऊन तिरपं येतं, नुसत्या छपराने ते अडत नाही. थंडीत ऊन हवं असेल तर पानगळीचं झाड निवडा. आडोशाला बांबू चालेल, पण बेटाने वाढणाराच घ्या. पसरत्या मुळांचा कुंपणापलीकडे जातो आणि मग आवरत नाही.

पाण्याची खरी बचत आच्छादनात आहे. वाळका पाला 7 ते 10 सेंटीमीटर जाडीचा पसरा, खोडापासून मात्र चार बोटं लांब, नाहीतर साल कुजते. भर दुपारी तो पाला बाजूला सारून मातीत बोट खुपसून बघा. वर सगळं खडखडीत, आणि खाली माती गार, ओलसर! रोज वरवर शिंपडण्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने सावकाश, खोलवर पाणी द्या, म्हणजे मुळं खाली उतरतात. नव्या रोपांना मात्र पहिल्या उन्हाळ्यात हात आखडता घेऊ नका.