बी.एस्सी. नर्सिंग : हॉस्पिटल खर्च उचलतंय, बदल्यात 3 वर्षांचा बाँड. सही करावी का?

सातपुडा_पायथा (प्रश्न)

पुतणीला कॅप (सरकारी केंद्रीभूत प्रवेश) फेरीतून धुळ्याला बी.एस्सी. नर्सिंगची जागा लागली आहे. कॉलेज खासगी विनाअनुदानित, प्रवर्ग ओबीसी, उत्पन्नाचा दाखला 1,80,000 चा. शहादा तालुक्यातलं एक हॉस्पिटल चारही वर्षांचा खर्च द्यायला तयार आहे : शिक्षण शुल्क 85,000 आणि हॉस्टेल-मेस 40,000, म्हणजे वर्षाला सव्वा लाख, एकूण 5 लाख. पास झाल्यावर 3 वर्षं त्यांच्याकडेच नोकरी. मध्येच सोडली तर पूर्ण 5 लाख, वर 18 टक्के व्याज. बारावीचं मूळ मार्कशीट आणि पुढे नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन त्यांच्याकडे जमा. दोन जामीनदार, दोघांचे सही केलेले कोरे चेक. मुलीला 18 पूर्ण होतील नोव्हेंबरात. सही सोमवारी आहे. काय काय बघून घ्यावं?

शिष्यवृत्ती_टेबल

सोमवार पुढे ढकला. आधी हे बघा की 85,000 तुम्हाला भरायचेच आहेत का.

8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क 100 टक्के माफ आहे. उत्पन्नाची मर्यादा 8 लाख. जागा कॅपमधूनच लागलेली हवी; व्यवस्थापन कोटा, संस्थास्तरावरचा प्रवेश किंवा अभिमत विद्यापीठ असेल तर माफी नाही. तुमची जागा बसते. म्हणजे हॉस्पिटल 4 वर्षांत 3,40,000 अशा गोष्टीचे देतंय, जी सरकार तसंही देणार आहे, आणि त्यावर तुमच्याकडून बाँड लिहून घेतंय.

फॉर्म महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर. तहसीलदाराचा उत्पन्न दाखला, नॉन-क्रीमीलेअर, जातप्रमाणपत्र आणि वैधता, अधिवास, कॅपचं अलॉटमेंट लेटर. अडतं ते बहुतेक दोनच ठिकाणी. एक, आधार भलत्याच खात्याला जोडलेलं असतं, कधीतरी उघडलेल्या जनधनला वगैरे, आणि ते खातं बंद पडलेलं. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात, फॉर्मवर कुठलंही पासबुक लावा. बँकेत जाऊन ‘आधार सीडिंग कोणत्या खात्याला आहे’ एवढंच विचारा. दोन, अर्ज कॉलेजच्या लॉगिनला पडून राहतो. ‘सबमिट’ झालं म्हणजे काम झालं नाही. कॉलेजनं पुढे पाठवला का ते दर आठवड्याला बघा. आणि दुसऱ्या वर्षापासून नूतनीकरण आपोआप होत नाही, दरवर्षी भरावं लागतं.

विकास शुल्क, गणवेश, हॉस्टेल, मेस माफीत येत नाही. त्यासाठी ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी मुलांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला 43,000 : भोजन 25,000, निवास 12,000, निर्वाह 6,000. जागा मोजक्या, निवड गुणांवर. (आदिवासी मुलगी असेल तर याच धर्तीवर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना. आपल्याकडे प्रकल्प कार्यालयं नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावलला.)

पैसे उशिरा येतात, हे खरं. मेसवाला थांबत नाही. म्हणून बाँड घ्यायचाच असेल तर तो मेस-हॉस्टेलपुरता, 1,60,000 चा घ्या, आणि योजनेचा हप्ता आला की तेवढी रक्कम हॉस्पिटलला परत करून बाँडमधून कमी होईल, असं कलम घाला.

करारनामा

वरचं झालं की मसुदा.

मुलगी आज 17 ची. नर्सिंगला 31 डिसेंबरला 17 पूर्ण असले की प्रवेश मिळतो, पण करार कायद्याच्या कलम 11 नुसार अज्ञानाचा (18 पूर्ण नसलेल्याचा) करारच होत नाही. 1903 च्या प्रिव्ही कौन्सिलच्या निकालापासून हे पक्कं आहे. त्यामुळे आज सही घेतली तर खरा बांधला जाणार तो बाप आणि जामीनदार. नोव्हेंबरचा वाढदिवस होऊ द्या. पहिला हप्ता तातडीचा असेल तर वडिलांच्या नावे साधी हातउसनी पावती करा.

‘बाँड कोर्टात टिकत नाही’ असं कट्ट्यावर कोणी सांगेल, ऐकू नका. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेचा 3 वर्षांचा, 2 लाखांचा बाँड ग्राह्य धरला. मात्र करार कायद्याच्या कलम 74 नुसार मिळते ती वाजवी भरपाई. लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा. म्हणून आकडा लिहितानाच महिन्यांवर वाटून घ्या. 1,60,000 भागिले 36, म्हणजे महिन्याला साधारण 4,444. 20 महिने काम करून सोडलं तर उरलेल्या 16 महिन्यांचे 71,111. तुमच्या मसुद्यात 35 महिने राबून एक महिना आधी सोडलं तरी 5 लाखच.

36 महिने कधीपासून मोजायचे, तेही लिहा. निकाल लागला, मुलगी कामावर आली, पण कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात यायचं आहे, असा काळ मध्ये असतो. त्यात ‘ट्रेनी’ म्हणून अर्ध्या पगारावर राबवतात आणि ते महिने धरत नाहीत. हजर झालेल्या तारखेपासून मोजा.

कोरा चेक नाही म्हणजे नाही. द्यायचाच तर रक्कम घालून, चेकचा नंबर करारात टाकून. नाहीतर कलम 138 ची, म्हणजे चेक न वटल्याची, केस जामीनदारावर. मूळ कागद कोणालाच नाही, स्वसाक्षांकित झेरॉक्स द्या. स्टॅम्प 500 चा, ऑक्टोबर 2024 पासून 100 चा चालत नाही. दोन प्रती करा, एक तुमच्याकडे.

वॉर्ड_इन्चार्ज

दोन कलमं राहिली, मला तीच मोठी वाटतात.

पहिलं, 3 वर्षं नोकरी नेमकी कुठे? ‘संस्था सांगेल त्या शाखेत’ एवढंच लिहिलं असेल तर शहाद्याची मुलगी उद्या सुरतेच्या शाखेत. गावाचं नाव लिहून घ्या. सोबत पगार, आठवड्याची सुट्टी आणि आयसीयूत एका नर्सकडे किती पेशंट, तेही. पगाराचा आकडा नसलेला बाँड ही एकतर्फी चिठ्ठी असते.

दुसरं, सरकारी नोकरी. बी.एस्सी. नर्सिंगला समुदाय आरोग्य अधिकारी होता येतं : उपकेंद्रावर 25,000 मानधन, वर कामगिरीनुसार 15,000 पर्यंत. जिल्हा परिषद, आरोग्य विभागाच्या जाहिराती कधी येतील नेम नाही, आल्या की महिनाभरात हजर व्हावं लागतं. धडगाव किंवा मोलगीच्या उपकेंद्रावर जाणारी मुलगी हॉस्पिटलपेक्षा जास्तच स्थानिक काम करते. तेव्हा ‘नंदुरबार जिल्ह्यात शासकीय सेवेत रुजू झाल्यास उर्वरित बाँड माफ’ असं मागा. माफ करत नसतील तर निदान उरलेल्या महिन्यांची रक्कम हप्त्यानं, बिनव्याजी.

बाळंतपणाची रजा 26 आठवडे कायद्यानं आहे. बाँड त्या काळापुरता थांबेल की चालू राहील, हे आधीच ठरवा. मुलगी 22 ची होईल तेव्हा हा प्रश्न येणारच.

सातपुडा_पायथा

आभार. आधार सीडिंग तपासलं, खरंच जुन्या जनधनला निघालं. जामीनदार म्हणून मामा तयार आहेत, त्यांची जबाबदारी किती?

करारनामा

न लिहिल्यास मुलीइतकीच, आणि हॉस्पिटल थेट मामांकडूनही वसूल करू शकतं. ‘जामीनदाराची जबाबदारी उरलेल्या महिन्यांच्या रकमेपुरती, आणि आधी 60 दिवसांची लेखी नोटीस’ ही ओळ टाका. सावित्रीबाई फुले आधार योजनेचा हप्ता येऊन परत केला की मामांचाही आकडा कमी झाल्याची पोच लेखी घ्या.